पुणे–लोणावळा तिसरी-चौथी मार्गिका: पैसे कोणाचे, पाथ कोणाचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुणे–लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली. अंतर सुमारे ६४ किलोमीटर, खर्च सुमारे ५,१०० कोटी रुपये. निम्मा भार रेल्वेने उचलायचा आणि निम्मा राज्याने. राज्याच्या निम्म्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी व पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) भर घालावी, अशी या प्रकल्पाची आखणी सुरुवातीपासून होत आली आहे. बातमी बहुतेक ठिकाणी ‘लोकलच्या फेऱ्या वाढणार’ अशी आली. मंजूर झाली ती मार्गिका. फेऱ्या किती वाढतील, म्हणजे लोकलला पाथ (ठरलेल्या वेळी रूळ वापरण्याची जागा) किती मिळतील, हे मंत्रिमंडळाच्या हातात नाही. राज्य आणि स्थानिक संस्था मिळून साधारण २,५५० कोटी रुपये देतील, तेव्हा त्यांना नेमके काय मिळेल, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

आजची परिस्थिती

या मार्गावर लोकल १९७८ पासून धावते. पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहू रोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा अशी सतरा स्थानके. रूळ दोनच, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्याच दोन रुळांवरून मुंबईच्या इंटरसिटी गाड्या, दक्षिणेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल जातात.

गर्दीचा खरा प्रश्न गाड्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वेगातल्या फरकाचा आहे. हिशेब सोपा आहे. समजा, लोकलला सगळे थांबे घेत लोणावळ्याला ८० मिनिटे लागतात, एक्स्प्रेसला ५५, आणि दोन गाड्यांत किमान ६ मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. लोकल ८ वाजता सुटली तर ९.२० ला पोहोचेल. मागची एक्स्प्रेस ९.२६ च्या आधी लोणावळ्यात शिरू शकत नाही, म्हणजे ती पुण्याहून ८.३१ ला सोडावी लागेल. तिच्यामागे पुढची लोकल ८.३७ ला. एका लोकल-एक्स्प्रेस जोडीने ३७ मिनिटे खाल्ली. सगळ्या गाड्या एकाच वेगाच्या असत्या, तर त्याच ३७ मिनिटांत सहा गाड्या निघाल्या असत्या.

यावरचा रोजचा उपाय म्हणजे लोकल मध्येच लूपला, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, घेणे. साधारण मध्यावर, तळेगावला, लोकल बाजूला उभी करून एक्स्प्रेस पुढे काढली तर जोडीचा वेळ ३७ वरून २३-२५ मिनिटांवर येतो. त्याची किंमत लोकलमधले प्रवासी सात-आठ मिनिटांनी मोजतात, तेही एक्स्प्रेस वेळेवर असेल तर. एक्स्प्रेसच उशिरा आली तर लोकल वीस मिनिटे उभी राहते आणि तिच्यामागची लोकलही लांबते. प्राधान्य कोणाला द्यायचे हे विभागाचा कंट्रोल, म्हणजे नियंत्रण कक्ष, ठरवतो आणि त्याच्या क्रमात लोकल खालीच असते. दौंड किंवा सोलापूरकडून उशिरा आलेल्या मेलचा फटका आकुर्डीच्या फलाटावर बसतो तो असा.

दुसरी अडचण दुपारची. रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड तारांच्या देखभालीला रोज काही तासांचा ब्लॉक लागतो, म्हणजे तेवढा वेळ रूळ बंद ठेवावा लागतो. दोनच रूळ असल्याने हा ब्लॉक सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत लोकल बंद ठेवून घेतला जात असे. मावळातल्या विद्यार्थ्यांची आणि पाळीच्या कामगारांची ही जुनी तक्रार. नंतर दुपारच्या मोजक्या फेऱ्या सुरू झाल्या, तरी मुळातली अडचण तशीच आहे.

नव्या दोन मार्गिका काय देतील

चार रूळ झाले आणि त्यांतली एक जोडी फक्त लोकलसाठी ठेवली, तर वेगातल्या फरकाचा प्रश्नच संपतो. दर पंधरा मिनिटांनी लोकल सोडायची झाली तर किती गाड्या लागतील? जाण्याची ८० मिनिटे, येण्याची ८०, दोन्ही टोकांना १०-१० मिनिटे थांबा, मिळून १८० मिनिटे. १८० भागिले १५ म्हणजे १२ रेक (डब्यांचे पूर्ण संच), शिवाय दोन राखीव. चौदा रेक रात्री उभे करायला जागा लागते, धुलाई-तपासणीची मार्गिका लागते, आणि पुणे टोकाला फलाट लागतात. पुणे स्थानकात सहाच फलाट आहेत. काही लोकल शिवाजीनगरहून सुटतात त्याचे कारण हेच. मार्गिकेच्या अंदाजपत्रकात रेकचा खर्च धरलेला असतोच असे नाही. मुंबईत मार्गिका आणि गाड्यांची खरेदी हे वेगळे घटक म्हणून मंजूर झाले आहेत. तेव्हा ५,१०० कोटींत रेक आहेत का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारायला हवा.

‘एक जोडी फक्त लोकलसाठी’ ही अटही कुठे लिहून ठेवलेली असावी लागते. ती नसेल, तर चार रुळांवर आजच्याच क्रमाने आजच्याच गाड्या थोड्या मोकळ्या चालतील, आणि उरलेली क्षमता नव्या एक्स्प्रेस व मालगाड्या भरून काढतील. रेल्वेच्या बाजूने त्यात काही गैर नाही, कारण रूळ तिचे आहेत.

घाटाचीही मर्यादा आहे. लोणावळा–कर्जत घाटात तीनच मार्गिका आहेत आणि चढ ३७ ला १. मुंबईहून वर येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर (ढकलणारी) इंजिने जोडावी लागतात आणि उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासावे लागतात. त्यामुळे लोणावळ्यापर्यंत चार रूळ झाले तरी मुंबईच्या गाड्या फारशा वाढणार नाहीत. प्रकल्पाचा मुख्य लाभ लोकल आणि स्थानिक मालवाहतुकीचा आहे, म्हणून राज्याची बाजू दिसते त्याहून भक्कम आहे.

मालकी कायद्यात कुठे बसते

रेल्वे हा विषय संघसूचीतल्या नोंद २२ मध्ये आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६(२०) मधली व्याख्या फक्त एखाद्या पालिकेच्या हद्दीत पूर्णपणे असलेली ट्राम, किंवा एकाच राज्यात असून संसदेने ‘रेल्वे नव्हे’ असे जाहीर केलेला मार्ग, एवढेच बाहेर ठेवते. भाडे ठरवण्याचा अधिकार रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ३० ने केंद्र सरकारला दिला आहे. राज्याने निम्मे पैसे दिले म्हणून यातले काहीही बदलत नाही. पूर्ण झालेली मार्गिका मध्य रेल्वेच्या पुणे विभागात जमा होते आणि वेळापत्रकही तिथेच ठरते.

हा प्रश्न याच रुळांइतका जुना आहे. खंडाळा–पुणे भाग १८५८ मध्ये सुरू झाला. घाट व्हायचा होता, म्हणून खोपोली ते खंडाळा प्रवासी पालखीने किंवा तट्टावर बसून जात. घाट १८६३ मध्ये पूर्ण झाला. रूळ ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे, पण भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारची होती. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचे. खर्च कितीही झाला तरी परतावा ठरलेला असल्यामुळे काटकसर करायचे कंपनीला कारणच नव्हते. १९०० मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, तरी चालवायला तिच्याकडेच ठेवली. ॲकवर्थ समितीने सरकारी व्यवस्थापनाची शिफारस केल्यानंतर १९२५ मध्ये कारभारही सरकारकडे आला. पैसा, मालकी आणि चालवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुण्याच्या मार्गाने तेव्हाच दाखवले होते. आजच्या रचनेत पैसा दोघांचा आहे, मालकी आणि चालवणे मात्र एकाचेच.

शेजारचे नमुने

मुंबईचा नमुना सर्वांत जवळचा. मुंबई रेल्वे विकास महामंडळ म्हणजे एमआरव्हीसी १९९९ मध्ये स्थापन झाले. रेल्वे मंत्रालयाचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्राचा ४९. एमयूटीपीचा (मुंबई शहरी वाहतूक प्रकल्प) खर्च निम्मा-निम्मा, पुनर्वसनाचे काम मुख्यतः एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि लोकलच्या तिकिटावर त्यासाठी अधिभार. महामंडळ मार्गिका बांधते, गाड्या आणते, पण लोकल चालवत नाही. चालवतात मध्य आणि पश्चिम रेल्वे. ४९ टक्के भागधारक असूनही राज्याला कल्याण–कर्जतच्या एका फेरीसाठी पत्रच लिहावे लागते.

हैदराबादच्या एमएमटीएस या उपनगरी रेल्वेचा दुसरा टप्पा यापेक्षा बोलका आहे. दोन तृतीयांश पैसे राज्याचे आणि एक तृतीयांश रेल्वेचे. राज्याचे हप्ते रखडले, कामे अर्धवट राहिली, काही भाग २०२४ मध्ये सुरू झाले. अशा प्रकल्पात राज्य पैसे थांबवू शकते, पण फेऱ्या वाढवू शकत नाही, म्हणून तक्रारीचे हत्यार म्हणून हप्ताच वापरला जातो आणि नुकसान प्रवाशाचे होते.

बेंगळुरूने वेगळा रस्ता धरला. उपनगरी रेल्वेसाठी के-राइड ही स्वतंत्र कंपनी केली, कर्नाटकचा हिस्सा ५१ टक्के, रेल्वेचा ४९. १४८ किलोमीटरच्या चार मार्गांसाठी १५,७६७ कोटी. केंद्र आणि राज्य प्रत्येकी २० टक्के, बाकी कर्ज. रूळ वेगळे, त्यामुळे मेलमागे लोकल थांबवण्याचा प्रश्न नाही. कामाची गती मात्र संथ आहे आणि कर्ज फेडायची जबाबदारी कंपनीच्या डोक्यावर.

पुण्यात मेट्रो आहेच. महामेट्रोत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे. पहिल्या टप्प्याचा ११,४२० कोटींचा खर्च केंद्र आणि राज्याने प्रत्येकी २० टक्के, स्थानिक संस्थांनी १० टक्के आणि उरलेला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक व फ्रेंच विकास संस्था एएफडी यांच्या कर्जातून उचलायचा होता. भाडे सुरुवातीला मेट्रो प्रशासन स्वतः ठरवते, पुढे २००२ च्या मेट्रो कायद्याखालची भाडेनिश्चिती समिती. हिंजवडी–शिवाजीनगर ही २३.३ किलोमीटरची तिसरी मार्गिका पीएमआरडीएने टाटा-सीमेन्स गटाच्या कंपनीला ३५ वर्षांच्या सवलत करारावर, म्हणजे बांधून चालवण्याच्या हक्कावर, दिली. तिथे सरकारी पैसा तूट भरून काढणाऱ्या अनुदानाच्या रूपाने येतो, आणि फेऱ्या, वेळ, दंड हे सगळे करारात असते. सुरू व्हायची तारीख तरीही पुढे सरकत गेली. पण कोणाला जाब विचारायचा ते निदान कागदावर आहे.

किलोमीटरचा खर्च मांडून पाहा. मेट्रोचा पहिला टप्पा मूळ मंजुरीनुसार ३१.२५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३६५ कोटी. लोणावळ्याच्या दोन मार्गिका मिळून किलोमीटरला सुमारे ८० कोटी. स्वस्तात मिळणारी ही क्षमता राज्याने सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रश्न पैसे द्यावेत का हा नाही, कोणत्या अटीवर हा आहे.

खरी गाठ: चालवण्याचा तोटा

रेल्वे लोकल वाढवायला नाखूश का असते, याचे उत्तर तिकिटात आहे. पुणे–लोणावळा एकेरी तिकीट पंधरा रुपये. उपनगरी मासिक पासाचा दर पंधरा एकेरी फेऱ्यांएवढा, म्हणजे अधिभार सोडून २२५ रुपये. महिन्याला २५ दिवस जाऊन-येऊन ५० फेऱ्या केल्या, तर एका फेरीचे साडेचार रुपये. दोन हजार पासधारकांनी भरलेली लोकल लोणावळ्याला पोहोचते तेव्हा रेल्वेने जेमतेम नऊ हजार रुपये कमावलेले असतात. मेट्रोत वीस किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला ३५ रुपयांपर्यंत भाडे पडते. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने भाडे वाढवले तेव्हाही उपनगरी तिकीट आणि पास वगळले. राजकीयदृष्ट्या हा दर कोणी हलवत नाही.

देशपातळीवर रेल्वेच्या म्हणण्यानुसार २०२२-२३ मध्ये प्रवाशांना ५६,९९३ कोटींची सवलत मिळाली. शंभर रुपयांच्या प्रवासामागे ४६ रुपये. ही तूट मालवाहतूक भरून काढते. म्हणजे प्रत्येक नवी लोकल रेल्वेच्या ताळेबंदात खर्च वाढवते, आणि तोच पाथ मालगाडीला दिला तर उत्पन्न वाढवते. भांडवलाचे निम्मे पैसे राज्याने दिल्याने हे गणित बदलत नाही, कारण भांडवल एकदाच द्यावे लागते आणि तूट रोजची असते.

त्यावर शहराला ओळखीचा उपाय पीएमपीएमएल या बससेवेत आहे. तिथे दोन्ही महापालिका संचलनातली तूट ६०:४० अशी भरतात, आणि ठेकेदारांच्या बसला किलोमीटरमागे दर देतात. बस किती आणि कोणत्या मार्गावर, हे म्हणूनच पीएमपीएमएल ठरवू शकते. लोकलसाठी तसेच करता येईल. समजा, आजच्यापेक्षा वीस फेऱ्या जादा हव्यात. २० गुणिले ६४ किलोमीटर गुणिले ३६५ दिवस म्हणजे वर्षाला सुमारे ४ लाख ६७ हजार गाडी-किलोमीटर. तूट किलोमीटरला हजार रुपये धरली (हा आकडा निव्वळ उदाहरणादाखल), तर वर्षाला ४७ कोटी रुपये होतात. राज्याच्या बाजूच्या २,५५० कोटींवर साडेसात टक्क्यांनी व्याजच वर्षाला १९१ कोटी पडेल. त्याच्या चौथाई रकमेत फेऱ्या विकत घेता येत असतील, तर फक्त रुळांवर पैसे घालून गाड्यांसाठी विनंत्या करत बसणे हा वाईट सौदा आहे.

पैसा कुठून? पुण्यात २०२२ पासून मालमत्ता खरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो उपकर घेतला जातो. तळेगाव, वडगाव, कामशेतच्या बाजूला लोकलमुळे जमिनीचे भाव चढले तर मुद्रांक शुल्क राज्याला आणि विकास शुल्क पीएमआरडीएला मिळते. रेल्वेला त्यातले काही मिळत नाही. लाभ ज्याच्या खात्यात पडतो त्याने तुटीचा एक भाग उचलावा, यात अन्याय नाही.

मालवाहतुकीची बाजू

चिंचवडहून मोटारींची आणि कंटेनरची वाहतूक होते. कंटेनर गाड्या २००६ पासून खासगी चालकांनाही खुल्या आहेत. डबे त्यांचे, इंजिन, चालक आणि रूळ रेल्वेचे, आणि त्यासाठी ते रेल्वेला हॉलेज (गाडी ओढून नेण्याचे) शुल्क देतात. डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानुसार खासगी जागेवर मालधक्काही काढता येतो. चाकण–तळेगाव पट्ट्यातून जेएनपीटीला जाणारा कंटेनर तरीही बहुतांश रस्त्यानेच जातो. अंतर कमी, घाटात बँकर, दोन्ही टोकांना चढ-उताराचा खर्च. एवढ्या कमी अंतरावर रेल्वेला ट्रेलरशी स्पर्धा जड जाते. दूरच्या बाजारपेठांकडे जाणाऱ्या मोटारींच्या गाड्या मात्र वाढतील, आणि त्यांचे भाडे पूर्ण रेल्वेला मिळेल. अर्धे रूळ राज्याच्या पैशाने होत असतील, तर या वाढीव मालभाड्याचा विषय राज्याने वाटाघाटीत मांडायला हरकत नाही. रोख वाटा मिळणार नाही. त्या बदल्यात लोकलचे पाथ मागता येतात.

जागेवर काय अडेल

खडकी आणि देहू रोड ही कटक मंडळे. संरक्षण खात्याची जमीन हवी तर मोबदला म्हणून तितक्याच किमतीची जमीन किंवा बांधकाम द्यावे लागते, आणि फाइल दिल्लीला जाते. पुण्यातल्या रस्ता-रुंदीकरणांचा अनुभव पाहता यातच सर्वाधिक वेळ जाईल. दापोडी, कासारवाडी, पिंपरी या भागात रुळांना लागून वस्ती आहे आणि मेट्रोचा उन्नत मार्गही जवळून जातो. शिवाजीनगर ते पुणे स्थानक यांच्यामध्ये संगमाजवळचा पूल, दापोडीला मुळा, तळेगावपुढे इंद्रायणी. प्रत्येक ठिकाणी नवा पूल. रुळांवरचे जुने रस्ता-पूल दोन मार्गिकांच्या गाळ्याचे असतील तिथे ते पाडून बांधावे लागतील, आणि तो खर्च महापालिकेचा की प्रकल्पाचा यावर वर्षभर पत्रव्यवहार होतो. हे आधीच ठरवून घ्यावे.

कामाचा क्रम चुकला तर पैसा अडकतो. तळेगाव–लोणावळा भागात जागा तुलनेने मोकळी असल्याने ठेकेदार तिथून सुरू करेल, किलोमीटर लवकर भरतील, बिलेही निघतील. पण गर्दी पुणे–तळेगावात आहे. तळेगावपर्यंतचे चार रूळ आधी झाले, तर तळेगावलाच परत फिरणाऱ्या लोकल सोडता येतात, आणि अर्ध्या प्रकल्पातूनही बहुतांश फायदा मिळतो. म्हणून हप्ते झालेल्या किलोमीटरवर न देता, सुरू झालेल्या सलग टप्प्यावर द्यावेत.

करारात काय लिहून घ्यावे

निधी सोडण्याआधी रेल्वे मंडळ, राज्य, दोन्ही महापालिका आणि पीएमआरडीए यांच्यात एक सेवा करार हवा. त्यात मार्गिकांची एक जोडी लोकलसाठी राखीव, अपवाद फक्त अपघात आणि ब्लॉकचा. गर्दीच्या वेळी पुणे–तळेगाव दर पंधरा मिनिटांनी आणि पुढे लोणावळ्यापर्यंत दर अर्ध्या तासाने लोकल. देखभालीचा ब्लॉक एका वेळी एकाच जोडीवर, म्हणजे दुपारी लोकल बंद राहणार नाही. रेक किती, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या पैशाने. जादा फेऱ्यांची तूट गाडी-किलोमीटरच्या दराने, दर तीन वर्षांनी तपासून. लूपला घेतलेल्या प्रत्येक लोकलची नोंद दरमहा जाहीर करणे, आणि ठरलेल्या फेऱ्यांपैकी न धावलेल्यांची रक्कम पुढच्या हप्त्यातून वळती करणे.

रेल्वे मंडळ पहिल्या अटीला हरकत घेईल, कारण एखाद्या राज्याशी पाथचा करार केला की तो दाखला दुसरी राज्ये पुढे करतात. त्या हरकतीला व्यवहार्य उत्तर म्हणजे कायमच्या राखणीऐवजी पंधरा वर्षांची मुदत आणि तूट भरपाईशी घातलेली गाठ: भरपाई थांबली की राखणही संपली. दौंडकडच्या प्रवाशांचीही उपनगरी दर्जाची मागणी बरीच वर्षे प्रलंबित आहे. लोणावळ्याचा करार ज्या नमुन्याने होईल, त्याच नमुन्याने दौंडचा मागता येईल, म्हणून मसुद्यात मार्गाचे नाव परिशिष्टात आणि अटी मुख्य भागात ठेवणे सोयीचे.